हाकेची टेकडी

करंजवेळच्या उत्तरेला, ओढा ओलांडला की जी बोडकी टेकडी दिसते, तिच्यावर बघण्यासारखे काहीही नाही, हे पाहुण्यांना आधीच सांगितलेले बरे. कऱ्हेच्या खोऱ्यात टेकडी म्हटली की वर एखादे देऊळ, निदान शेंदूर फासलेला धोंडा तरी असतोच. इथे तेवढेही नाही. लोक पायथ्याशी गाडी लावतात, घाम पुसत वर येतात, चारी बाजूंना बघतात आणि विचारतात, "देव कुठंय?" देव नाही. सपाटी आहे, कुसळाचे गवत आहे, आणि उत्तरेकडे जाणारा जुना रस्ता इथून फार लांबपर्यंत दिसतो. हिला हाकेची टेकडी म्हणतात.

आसपासच्या गावांत करंजवेळची चेष्टा होते, ती एकाच गोष्टीवरून. इथल्या बायका नवऱ्याला नावाने हाक मारतात. आता शहरात याचे कोणाला काही वाटत नाही, पण पन्नास वर्षांपूर्वी या गावची सोयरीक आली की मुलीची आई विचारात पडायची. अजूनही नवी सून आली की सासू तिला टेकडीवर आणते आणि म्हणते, "घे नाव." पोरगी लाजते, पदर सारखा करते, चांदीच्या ताटाने सुरुवात करून उखाणा जुळवू लागते. सासू म्हणते, "उखाणा नको गं बाई, नुसतं नाव घे. खाली ओढ्यापर्यंत गेलं पाहिजे." बिचारीची चांगलीच फजिती होते. हे सगळे एका बाईमुळे सुरू झाले असे सांगतात, आणि त्या बाईने स्वतः मात्र नवऱ्याचे नाव उभ्या जन्मात एकदाच मोठ्याने घेतले. तिचे नाव गोजरा.

गोजरा गावची नव्हती. बेलदारांचे तांडे तेव्हा गाढवांवर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरत, विहिरी खणत, दगड फोडत. असाच एक तांडा करंजवेळला विहीर खणायला आला. सात माणसांच्या उंचीइतके खोल गेल्यावर काळा कातळ लागला आणि म्होरक्याने हात टेकले. इथे पाणी नाही म्हणून तांडा पुढे निघाला. त्यातला एक तरुण बेलदार मात्र विहिरीच्या तळाशी कातळाला कान लावून बसला होता म्हणे. "पाणी हाय," एवढेच तो म्हणाला आणि मागे राहिला. त्याची नव्या लग्नाची बायको त्याच्यासाठी मागे राहिली. पुढे चार महिने तो खाली छिन्नी-हातोड्याने कातळ फोडत होता आणि ती वरून दोराने दगड ओढून काढत होती. अखेर पाणी लागले, आणि गोड लागले. गावाने नारळ फोडला, गूळ वाटला, दोघांना विहिरीशेजारी खोपटापुरती जागा दिली.

सगळे दिले, पण त्याचे नाव कोणी विचारले नाही. तशी गरजच पडली नाही. गावात बेलदार एकच होता, तेव्हा बेलदार म्हटले की काम भागायचे. त्याला नावाने हाक मारणारी माणसे तांड्याबरोबर निघून गेली होती. राहता राहिली बायको, आणि बायको नवऱ्याचे नाव घेत नसते. घेतले तर त्याचे आयुष्य उणे होते, असे गोजराला तिच्या आईने बजावले होते. ती त्याला 'अवो' म्हणायची.

मग फौजा उत्तरेला निघाल्या. दिवस उन्हाळ्याचे होते. करंजवेळचे पाटील आपली माणसे घेऊन निघाले, पाटील धरून एकेचाळीस जण. लढणारे त्यात थोडे. बाकीचे घोड्यांची निगा राखणारे, तंबू ठोकणारे, पखाली वाहणारे, सरपण फोडणारे. पाटलांनी बेलदारालाही बोलावले. खंदक खणायला हाताशी माणूस हवा होता. सगळे गाव टेकडीवर जमून त्यांना वाटेला लावून आले.

त्यानंतर पौषात जे झाले ते सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. शुद्ध अष्टमीला पानिपतावर एका दिवसात सगळे संपले. मराठी मुलखात असे घर राहिले नाही की जिथले कोणी गेले नाही. पण घराला बातमी कोणती आली? फौज बुडाली, एवढीच. आपला माणूस पडला, का धरला गेला, का एखाद्या रानात जखमी होऊन पडला आहे, हे कोणी सांगेना. मोठ्या सरदारांची नावे पत्रांतून आली. सरपण फोडणाऱ्यांची नावे कोण लिहिणार?

करंजवेळला दीड वर्षाने एकच माणूस परतला. धोंडू त्याचे नाव, पाटलांच्या घोड्यांची निगा राखायचा. एक पाय ओढत तो वेशीतून आला तेव्हा बायकांनी त्याला गराडा घातला. जेवढे त्याला ठाऊक होते तेवढे त्याने सांगितले. पाटलांचा घोडा मोकळा पळताना पाहिला, म्हणाला. बाकीच्यांचे काही पाहिले नव्हते. गोजरा गर्दीच्या मागे उभी होती. सगळ्या पांगल्यावर तिने विचारले तेव्हा तो डोके खाजवत राहिला.

"बेलदार व्हय? बेलदार लई व्हते गं तिथं. हजारानं व्हते. नाव काय तुझ्या धन्याचं?"

गोजराने नाव घेतले नाही. धोंडू थोडा वेळ थांबला आणि पाय ओढत निघून गेला.

पानिपतापासून पुढची बारा वर्षे या गावातल्या चाळीस बायका ना सवाष्ण ना विधवा अशा राहिल्या. हळदीकुंकवाला त्यांना बोलवायचे की वगळायचे हे कोणाला कळेना, म्हणून गावात हळदीकुंकूच बंद पडले. अधूनमधून कोणी गोसावी येई आणि अमक्याला काशीला पाहिले, तमक्याला भरतपुराकडे पाहिले, असे सांगून शिधा घेऊन जाई. खोटे आहे हे कळत असूनही बायका शिधा देत. बाकीच्या बायकांना निदान दीर होते, सासू होती, पदरी मुले होती, रडायला बसले तर पाठीवर हात ठेवायला कोणी होते. गोजराला विहीर होती. लोक सकाळी पाणी भरायला येत तेवढ्या वेळात माणसांचे आवाज कानी पडत. एकदा उन्हे चढली की दिवसभर राहाटही वाजत नसे. तिचा तांडा कुठे आहे हे तिला ठाऊक नव्हते, आणि कळले असते तरी ती गेली नसती. बेलदार परत आला तर तो इथेच येणार होता.

पोटासाठी ती जात्यांना टाकी लावायची. जाते वापरून गुळगुळीत झाले की पीठ जाडेभरडे पडते. मग छिन्नी घेऊन तळीला पुन्हा बारीक खाचा पाडाव्या लागतात. हे काम ती घरोघर बसून करी. टाकीचा आवाज चालू असताना घरातली बाई तिच्याशी बोलत राही, नवऱ्याचे, पोरांचे, आपल्या स्वप्नांचे. गोजरा ऐके. तिला कोणी काही विचारत नसे. काम झाले की बाई मूठभर पीठ दळून बघे, पसाभर दाणे देई आणि म्हणे, "ये हं बेलदारणी." असे सांगतात, गावातले एकही जाते तिच्या हाताखालून जायचे राहिले नाही.

बारावे वर्ष लागले. शास्त्र असे, की गेलेल्या माणसाचा बारा वर्षे ठावठिकाणा लागला नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, त्याचे नाव घेऊन त्याला अग्नी द्यायचा, आणि माणूस गेला असे धरायचे. पाटलांच्या माघारी गाव त्यांची बायको आवडाई चालवत होती. बाई मनाने खंबीर आणि जिभेला तिखट. तिने ठरवले की येत्या पौष शुद्ध अष्टमीला चाळीसही पुतळे एकाच वेळी ओढ्याकाठी ठेवायचे. "एकएकटीनं रडून झालं," ती म्हणाली, "आता गावानं एकदा रडून घेऊ द्या."

गावचे जोशी भिकंभट घरोघर जाऊन नावे विचारू लागले. बायका दाराआड उभ्या राहत, नाव सांगे सासरा नाहीतर दीर. असे करत एकोणचाळीस नावे जमली. विहिरीवरच्या खोपटाशी येऊन भिकंभट थांबले. आत नाव सांगायला दुसरे कोणी नव्हते.

"बाई, नावाशिवाय दिलेले पाणी पोहोचत नाही हो," ते म्हणाले. "तुम्हांला तोंडाने घ्यायचे नसेल तर दुसऱ्या कोणाकडून कळवा."

"दुसऱ्या कुनाला ठावं न्हाई," गोजरा म्हणाली. "आन् त्येंचा पुतळा करू नगा. म्या नाव सांगनार न्हाई."

भिकंभट भला माणूस होता. त्यांनी दोनदा समजावले, तिसऱ्यांदा हात जोडले आणि परत फिरले. गावात ही गोष्ट पसरली तशी कुजबूज सुरू झाली. कोणी म्हणाले हट्टी आहे, कोणी म्हणाले परक्या जातीची, तिला काय त्याचे. एक म्हातारा म्हणाला, बेलदार म्हणूनच पाणी सोडा की, एवढे काय अडले आहे. आवडाई त्याच्यावर अशी उसळली की तो चावडीवरून उठूनच गेला.

"त्यानं खनलेल्या हिरीचं पानी चौदा वर्सं पितुया आपन," ती म्हणाली. "माझ्या धन्यानं बोलावलं म्हनून तो गेला. आन् एका मानसाला गावात त्याचं नाव ठावं न्हाई? लाज वाटाय पायजे. मलाबी वाटाय पायजे."

अष्टमीच्या आदल्या दिवशी, दुपार कलताना, आवडाई एकटी विहिरीवर आली. पाटलीण बेलदाराच्या खोपटात कधी आली नव्हती. गोजराने घोंगडे झटकून टाकले. आवडाई बसली.

"जित्ता आसंल आसं वाटतंय व्हय गं तुला आजून?" आवडाईने विचारले.

"न्हाई वाटत," गोजरा म्हणाली. "पैली दोन-तीन वर्सं वाटलं. आता न्हाई."

"मग?"

गोजराने त्या दिवशी जे सांगितले ते तिने बारा वर्षांत कोणाला सांगितले नव्हते. फौजेत जायच्या दिवशी सकाळी दोघांचे भांडण झाले होते. जाऊ नका, ही म्हणाली. गावाने ठेवून घेतले, आता पाटलाला नाही कसे म्हणू, तो म्हणाला. ही फुगून बसली आणि तो न बोलता गेला. तो गेल्यावर हिचा राग दोन घटकाही टिकला नाही. पळत टेकडीवर आली तोवर माणसे खाली रस्त्याला लागली होती. तिला काही फार सांगायचे नव्हते. त्याने एकदा मागे बघावे आणि ती आली आहे हे त्याला दिसावे, एवढेच हवे होते.

"म्या हाक मारली, पाटलीणबाई. अवो, म्हनून. चारदा मारली. समदे वळलं. तुमचं मालक वळलं, धोंडू वळला, समद्यांना वाटलं आपलीच बायकू. ह्ये तेवढं वळलं न्हाईत. आमचं तर भांडान झालेलं, मी येईन ह्ये त्येंच्या मनातबी आलं नसंल." तिने टेकडीकडे पाहिले. "नावानं मारली आसती तर वळलं आसतं. नाव जिभेवर व्हतं. पर एवढा गाव भवती, आन् आईनं सांगितल्यालं, नाव घेतलं तर आयुक्ष कमी व्हतं. म्हनून न्हाई घेतलं. वाटंवर दिसंनासं झालं तवर उभी व्हते, पर न्हाई घेतलं."

आवडाई घोंगड्याची दशी ओढत राहिली.

"थांबवाया घेतलं न्हाई ते नाव," गोजरा म्हणाली, "आता जाळाया घेऊ व्हय?"

आवडाईच्या डोळ्यांतून पाणी आले ते तिने पुसले नाही. ती आली होती समजूत घालायला, आणि समजूत घालण्यासारखे तिच्याजवळ काही उरले नव्हते. उठताना ती एवढेच म्हणाली, "तुला नगं आसंल तर नगं घेऊस. उद्या त्याचा पुतळा ठेवते, बिननावाचाच जाईल. पर गोजरे, आमच्या मानसांची नावं धा तोंडांत हायेत. ह्याचं एकट्या तुझ्याजवळ हाय. तू गेलीस की ह्या जगात ते कुठंच ऱ्हानार न्हाई, तेवढं ध्यानात घे."

ती गेल्यावर गोजरा उंबऱ्यात बसून राहिली. मग तिने नाव घेऊन पाहिले, अगदी हळू, स्वतःपुरते. ओठ हलले, आवाज आला नाही. तिला भलतीच भीती वाटली. ते नाव तिने त्याच्या आईच्या तोंडून ऐकले होते, तांड्यातल्या माणसांच्या तोंडून ऐकले होते, पण स्वतःच्या आवाजात कधीच ऐकले नव्हते. आपल्या तोंडून ते कसे ऐकू येते हे तिला ठाऊकच नव्हते.

दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या काठी चाळीस पुतळे ओळीने ठेवले. पळसाची पाने, दर्भाच्या गाठी, वर पांढरे फडके. सगळे गाव तिथे होते, फक्त गोजरा नव्हती. भिकंभट एकेका पुतळ्याशी थांबत, घरचा पुरुष नाव सांगे, भिकंभट ते नाव घेऊन पाणी सोडत. मागे बायका डोक्यावरून पदर ओढून बसल्या होत्या. आपल्याच नवऱ्याचे नाव दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना एकेक जण खाली वाकत होती. सूर्य मावळतीकडे झुकला तेव्हा एकोणचाळीस नावे झाली आणि भिकंभट शेवटच्या पुतळ्याशी आले. हातात पाणी घेऊन ते तसेच थांबले.

आणि मग टेकडीवरून हाक आली.

"मैराळाऽऽ!"

आवाज फाटलेला होता. ती रडण्याची हाक नव्हती, असे सांगतात. मंत्रात नाव घेतात तशीही नव्हती. रस्त्याने निघालेल्या माणसाला मागून थांबवायला मारावी तशी हाक होती. ओढ्याकाठचे सगळे पुरुष दचकून टेकडीकडे वळले.

आवडाई ताडकन उठली. "वळू नगा," ती ओरडली. "कुनी वळू नगा! ती हाक तुमाला न्हाई."

पुरुषांनी माना खाली घातल्या आणि टेकडीकडे पाठ केली. भिकंभटांच्या हातातले पाणी बोटांतून गळत होते. "मैराळ," ते हळूच म्हणाले आणि उरलेले पाणी त्यांनी चाळिसाव्या पुतळ्यावर सोडले. ज्या गावाला त्याने पाणी दिले त्या गावाने त्याचे नाव असे चौदा वर्षांनी ऐकले.

वर गोजरा उभी होती. ती उत्तरेच्या रस्त्याकडे बघत होती, आणि ओढ्याकाठी काय चालले आहे याचे तिला भान नव्हते. हाक मारून झाल्यावर ती थांबली. हाक मारली की माणूस वळायला जेवढा वेळ लागतो तेवढी थांबली, त्याहूनही थोडी जास्त. रस्ता रिकामा होता. तिने दुसऱ्यांदा हाक मारली नाही.

मागे पावले वाजली तेव्हा तिने पाहिले, आवडाई टेकडी चढून आली होती. धापा टाकत ती गोजराच्या शेजारी उभी राहिली, डोक्यावरचा पदर खांद्यावर घेतला, आणि जे नाव तिच्या दिराने तासाभरापूर्वी खाली सांगितले होते ते तिने स्वतः घेतले. पाटलांच्या नावामागे ना राव ना पंत, नुसते नाव. "शिदोजीऽऽ!" मग तीही थांबली. तिच्यामागून दुसरी चढून आली, मग तिसरी. अंधार पडायच्या आत चाळीसही जणींनी हाका मारल्या. खाली पुरुष पाठ करून बसले होते, आणि त्यांतले म्हातारे रडत होते. आपल्या लेकाला, आपल्या भावाला या बाईने इतक्या वर्षांत कधी नावाने हाक मारली नव्हती, आणि मारली तेव्हा ऐकायला तो नव्हता.

गोजरा पुढे पुष्कळ वर्षे जगली म्हणे. कोणी सांगतात, तिचा तांडा एकदा परत आला होता आणि ती गेली नाही. जात्यांना टाकी लावत राहिली. फरक एवढाच पडला, की आता कामाला बसली की घरातली बाई तिला विचारी, "मैराळ कसा व्हता गं?" आणि ती सांगे.

आजही पौष शुद्ध अष्टमीला करंजवेळच्या झाडून साऱ्या बायका टेकडीवर येतात. गावातले पुरुष खाली ओढ्याकाठी टेकडीकडे पाठ करून बसतात. पाहुणा असला तरी त्यालाही बसावे लागते, आणि काही झाले तरी वळून बघता येत नाही. ज्या घरातला माणूस गेला त्या घरची सून त्याचे नाव घेऊन हाक मारते. घरे फुटली, काही घरे पुण्या-मुंबईला गेली, तरी त्या दिवशी कोणीतरी येतेच, आणि नाही आली तर शेजारीण ते नाव घेते. मैराळाला घर नाही, मूल नाही, म्हणून त्याचे नाव सगळ्यात शेवटी सगळ्याजणी मिळून घेतात. मग वर कोणी बोलत नाही. दूर गेलेल्या माणसाला हाक पोहोचावी, त्याने पाय थांबवावेत आणि मागे वळावे, एवढा वेळ त्या रिकाम्या रस्त्याकडे बघत उभ्या राहतात. कोणी वळत नाही. मग त्या एकेक करून खाली उतरतात.